मोहाचं फूल आणि मुंबईचा कायदा

१८९२ साली मुंबई इलाख्यात एक कायदा झाला. तो दारूवर नव्हता, अफूवर नव्हता. तो एका फुलावर होता, मोहाच्या फुलावर. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगणं, विकणं, इकडून तिकडे नेणं हे सगळं सरकारनं आपल्या ताब्यात घेतलं. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. आणि त्या वेळचा ठाणे जिल्हा म्हणजे आजच्या पालघरसकट थेट आमच्या सिल्वासाच्या हद्दीला येऊन भिडणारा मुलूख.

फुलावर कायदा कशाला, असं कोणीही विचारील. उत्तर असं की त्या फुलाची दारू होते. पण त्या फुलाचं आणखी काय काय होतं, हे कायदा करणाऱ्यांनी कोणाला विचारलं होतं का? मला हा प्रश्न गेली काही वर्षं सोडत नाही. माझं माहेर सांगलीकडचं. तिकडे ऊस, हळद, द्राक्षं. मोह मी लग्न होऊन इथे आल्यावर पाहिला. फाल्गुन-चैत्रात सिल्वासाहून खानवेलकडे जाताना झाडावर पान नसतं आणि खाली फुलांचा सडा असतो. फुलं पहाटे गळतात. वारली, कोकणा बाया आणि पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उशीर झाला की गुरं खातात. झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवलेली असते. गोळा केलेली फुलं अंगणात वाळवली की मनुकांसारखी तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपत आलं की तीच उकडून, भाजून, दाण्यांत मिसळून खातात. फुलांमागून फळं येतात, फळांतल्या बियांचं तेल निघतं. या सगळ्यानंतर उरलेल्या फुलांची दारू.

आपल्या मैत्रिणींना इथे थोडं अवघडल्यासारखं वाटेल, हे मी जाणते. आपण अष्टमूलगुण पाळणारी माणसं. मद्य, मांस, मधु यांचा त्याग ही आपल्याकडे धर्माची पहिली पायरी. आठ कर्मांतल्या मोहनीय कर्माला तर शास्त्रकारांनी दृष्टान्तच मद्याचा दिलाय. तेव्हा मी दारूची वकिली करायला बसलेली नाही. कायदा कोणी केला आणि तो कोणाच्या घरावर पडला, एवढंच बघायचं आहे.

मुंबई सरकारनं आधी १८७८ साली अबकारी कायदा केला. त्यापूर्वी जंगलपट्टीत घरोघरी मडक्यात दारू गाळली जाई. देवाला चार थेंब जमिनीवर ओतायचे, बारसं, लग्न, मयत, पेरणीच्या आधीची पूजा, सगळीकडे ती लागायची. नव्या कायद्यानं घरची भट्टी गुन्हा ठरली. दारू मोजक्या मोठ्या भट्ट्यांत गाळायची, तिच्यावर कर घ्यायचा आणि ठेकेदाराच्या दुकानातून विकायची, अशी पद्धत आली. ताडीच्या झाडावरही दर झाडामागे कर बसला. म्हणजे दारू थांबली नाही; घरची दारू थांबली आणि दुकानातली सुरू झाली. जी वस्तू सणासुदीला अंगणातल्या मडक्यात होती ती रोज, रोख पैशानं किंवा उधारीवर मिळू लागली. ठेकेदार बऱ्याच ठिकाणी सावकारही असे. दारूची उधारी फेडता फेडता जमिनी गेल्या, त्या अशा.

गंमत बघा. उरणला ज्या मोठमोठ्या भट्ट्या होत्या आणि ज्यांची दारू मुंबईला पुरवली जायची, त्या चालत होत्या मोहाच्याच फुलांवर. तिकडे गाड्या भरभरून फुलं जात होती. तेव्हा सरकारला फूल नको होतं असं मुळीच नाही. फूल वारलणीच्या टोपलीत नको होतं. तिच्याकडे फुलं असली की ती दारू गाळणार आणि दुकानातली घेणार नाही, हा हिशोब. १८९२ चा कायदा त्या हिशोबातून आला. अबकारी हे मुंबई सरकारचं जमीन महसुलाखालोखाल मोठं उत्पन्न होत गेलं, आणि उत्पन्न म्हटलं की मग फुलाचं अन्न होतं की औषध होतं हे कोण बघतो?

त्या वेळचं कायदेमंडळ म्हणजे गव्हर्नर, त्याचे अधिकारी आणि सरकारनं नेमलेले थोडे बडे लोक. वकील, व्यापारी, सरदार. सगळे शिकलेले. पण त्यांतल्या कोणाच्या घरात श्रावणात मोह उकडला जात नव्हता.

तशी आपल्याकडे बोलणारी माणसं नव्हती असं नाही. पुण्याच्या नगरपालिकेत सरकारनियुक्त सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली वाढत्या दारू दुकानांविरुद्ध पत्र लिहिलं होतं. दुकानांमुळे संसार उद्ध्वस्त होतात, हे त्यांचं म्हणणं. ते संसाराकडून बघत होते. सरकार तिजोरीकडून बघत होतं.

आता दमणगंगेच्या आमच्या बाजूला काय होतं ते सांगते. मराठ्यांच्या आरमारानं पोर्तुगीजांचं एक जहाज धरलं, त्याच्या भरपाईपोटी पेशव्यांनी १७७९ च्या तहानं नगर हवेलीच्या ७२ गावांचा महसूल पोर्तुगीजांना देऊ केला; १७८३ साली ती गावं त्यांच्या हाती गेली आणि दोन वर्षांनी दादराही गेलं. त्यामुळे झालं काय, की एकाच जंगलात, एकाच जातीची माणसं, सोयरीक एकमेकांत, आणि कायदे दोन. इंग्रजी हद्दीतल्या मोहाच्या फुलाला एक कायदा, पोर्तुगीज हद्दीतल्या फुलाला दुसरा. इंग्रजांना याचा त्रास व्हायचा. १८७८ साली त्यांनी पोर्तुगालशी जो तह केला त्यात मिठाबरोबर अबकारीचाही विषय होता. पोर्तुगीज मुलखातही आपल्यासारखी अबकारी यावी अशी त्यांची इच्छा. गोव्यात त्यावरून मोठी नाराजी झाली आणि १८९२ मध्ये तो तह संपला. दोन राज्यकर्ते वर्षानुवर्षं एकमेकांशी दारू आणि मिठाबद्दल बोलत होते. ज्यांच्या झाडांबद्दल आणि आगरांबद्दल बोलणं चाललं होतं ती माणसं त्या बोलण्यात कुठेच नव्हती.

मात्र विचारलं तर काय होतं, याचंही एक उदाहरण त्याच काळातलं आहे. १८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात कोणीतरी गांजाचा प्रश्न काढला. हिंदुस्थानात गांजा पिऊन लोक वेडे होतात, वेड्यांची इस्पितळं भरलीत, तेव्हा बंदी घाला, असा सूर होता. सरकारनं सात जणांचा आयोग नेमला, त्यात तीन हिंदी सभासद. त्यांनी देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या. मुंबई इलाख्यात गांजाचं मुख्य पीक अहमदनगरकडे होतं, त्याचीही चौकशी झाली. वेड्यांच्या इस्पितळांतली कागदपत्रं तपासली तेव्हा दिसलं की रोगी कशानं वेडा झाला हे नक्की ठाऊक नसलं की नोंदीत सरसकट गांजा लिहून टाकत. शेवटी सात खंडांचा अहवाल आला. माफक सेवनानं लक्षात येण्यासारखी हानी होत नाही, अति सेवनानं होते. भांग शंकराच्या पूजेशी, होळीशी जोडलेली आहे. सरसकट बंदी घातली तर लोक दुखावतील आणि याहून वाईट नशेकडे वळतील. तेव्हा बंदी नको, नियंत्रण ठेवा, असं त्याचं सार. गांजा चांगला की वाईट हा वाद मी इथे घालत नाही. साक्षीदारांत अधिकारी, डॉक्टर, जमीनदार, मिशनरी यांचाच भरणा होता. तरी नुसतं विचारल्यावरसुद्धा आधीच्या समजुती किती बदलल्या! मोहाच्या फुलावरचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. त्याच्यासाठी एक आयोग नेमायला काय हरकत होती?

यापुढची हकिगत मला सगळ्यांत जवळची वाटते. १९२२ साल. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांत देवी आली, म्हणजे लोकांच्या अंगात देवीचं वारं येऊ लागलं. तिथून ती गावोगाव करत घाटावर, सुरगाण्याकडे, डांगात आणि नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात पोचली. तिकडे तिला सलाबाई म्हणत. हजारो आदिवासी एका जागी जमायचे, अंगात आलेली माणसं मांडवात बसायची आणि देवीचा हुकूम सांगायची: दारू सोडा, ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज अंघोळ करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा, दारूच्या ठेकेदाराकडे कामाला जाऊ नका. माणसांनी कोंबड्या-बकऱ्या विकून किंवा सोडून दिल्या, दारूची मडकी फोडली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं यावर पूर्ण ग्रंथ लिहिलाय, त्याचं नावच ‘देवीचं येणं’ अशा अर्थाचं आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्या चातुर्मासातलं प्रवचन! कुठले मुनी तिकडे गेले नव्हते, कुठला श्रावक उपदेश करायला गेला नव्हता. लोकांनी आपलं आपण ठरवलं. कोणाच्या शिक्षेच्या भीतीनं नव्हे.

मग सरकारला आनंद व्हायला हवा होता, नाही का? तो झाला नाही. दुकानांचा धंदा बसला, ठेकेदार घाबरले, अधिकाऱ्यांना वाटू लागलं की यामागे गांधींची माणसं आहेत. गांधींची माणसं नंतर खरंच आली, चरखा आणि खादी घेऊन. पण सुरुवात त्यांची नव्हती. दारू पिणारा आदिवासी सरकारला कळत होता. दारू सोडणारा आदिवासी काही त्याला कळेना. पुढे गावागावांत दोन तट पडले. सोडलेले ते ‘वरजेला’, पुन्हा पिऊ लागलेले ते ‘सरजेला’. बहुतेक जण हळूहळू सरजेला झाले, पण वरजेला घरं पिढ्यान्पिढ्या टिकली. या सगळ्यातून कायदेमंडळानं शिकावं असं खूप होतं. माणसं नशा सोडतात ती केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून, कशाच्या बळावर, हे सगळं समोर उघडं पडलं होतं.

नंतर आपलं राज्य आलं. १९४९ साली मुंबई राज्यानं दारूबंदीचा कायदा केला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. हेतू चांगला होता, त्याबद्दल मला शंका नाही. गंमत अशी की १९४९ हेच आचार्य तुलसींच्या अणुव्रत आंदोलनाचंही साल. व्यसनमुक्ती दोन्हींकडे होती. एकीकडे माणूस उभा राहून स्वतः नियम घेतो, दुसरीकडे पोलीस येऊन मडकं हुंगतो. आपल्याकडे नियम देताना महाराज आधी विचारतात, झेपेल का? कायद्याला ते विचारायची सवय नसते.

त्या कायद्यात परवान्याची सोय होती. डॉक्टरनं लिहून दिलं की अमुक माणसाला प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे, तर त्याला परवाना मिळे. गुजरातेत अजून मिळतो. डॉक्टर कोणाला परवडतो? बंगल्यातल्याला. मडक्यातल्या मोहाला डॉक्टरची चिठ्ठी कोण देणार? १९५१ साली एफ. एन. बलसारा नावाच्या गृहस्थांनी लावलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं कायदा मुख्यत्वे कायम ठेवला, पण दारूचा अंश असलेली औषधं आणि प्रसाधनं त्यातून सोडवली. म्हणजे घरातल्या औषधाच्या कपाटाचा विचार झाला, पण तो न्यायालयात, कायदा करून झाल्यावर. मुंबईत तोवर घरगुती गुत्ते सुरू झाले होते. वांद्र्याच्या, धारावीच्या गल्ल्यांत ते चालवणाऱ्या बऱ्याचशा विधवा आणि गरजू बायकाच असत. शहर त्यांना ‘आंटी’ म्हणे. १९६० ला राज्यं वेगळी झाली, महाराष्ट्रानं बंदी ढिली केली, गुजरातनं ठेवली.

आणि आम्ही मध्ये. १९५४ च्या २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं, सात वर्षं इथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालला आणि १९६१ च्या ऑगस्टात हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला. गुजरातची दारूबंदी इथे नाही. वापी, सुरतकडून शनिवार-रविवारी गाड्या कशाला येतात हे आम्हाला कोणी सांगायला नको. दादरा आणि नगर हवेली यांच्यामध्ये गुजरातची गावं आहेत. त्यामुळे सिल्वासात रीतसर घेतलेली बाटली आपल्याच प्रदेशातल्या दादऱ्याला नेताना वाटेत काही किलोमीटर गुन्हा होते आणि पलीकडे पोचली की पुन्हा निर्दोष. मेघवाळ तर चहूबाजूंनी नगर हवेलीनं वेढलेलं गुजरातचं गाव. नकाशा काढणाऱ्यांनी आणि कायदा लिहिणाऱ्यांनी एकदा या रस्त्यानं एसटीतून जावं, असं माझं म्हणणं आहे.

आमच्या प्रदेशाला विधानसभा कधी नव्हती, आजही नाही. घटनेच्या २४० व्या कलमाखाली राष्ट्रपती इथल्यासाठी विनियम काढू शकतात आणि तो संसदेच्या कायद्याइतकाच पक्का असतो. म्हणजे इथला कायदा दिल्लीत लिहिला जातो. २०२० च्या जानेवारीत आम्हाला दमण-दीवशी जोडलं, तेही तिथूनच.

दमणवरून आठवलं. आपल्या समाजात नशेच्या गोष्टी निघाल्या की आपण हात झटकून मोकळे होतो. पण माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीचा कर चुकवून दमणच्या बंदरातून चीनकडे जायची, आणि तिच्या व्यापारात पारशी, मुसलमान, मारवाडी, तसे आपलेही शेठ होते. भायखळ्याचं देरासर बांधणारे, शत्रुंजयावर टूक उभी करणारे मोतीशा शेठ हे जमशेटजी जीजीभाईंबरोबर अफूच्या व्यापारात होते. त्यांचं दान मोठं, श्रद्धा मोठी, त्याबद्दल आदर आहेच. तरी हेही आपल्या इतिहासात लिहिलेलं असावं. त्या व्यापाराला तेव्हाचा कायदा गुन्हा म्हणत नव्हता; कर चुकवणं तेवढं गुन्हा होतं.

अफूचा विषय निघाला तर १९८५ च्या कायद्याबद्दल लिहायलाच हवं. अमली पदार्थांवरचा तो केंद्राचा कायदा ऑगस्टात लोकसभेत आला आणि नोव्हेंबरात लागूही झाला. त्यात भांगेची पानं शिताफीनं व्याख्येबाहेर ठेवली, कारण होळी आणि शिवरात्र खासदारांना माहीत होती. मॉर्फीन लागणाऱ्या रोग्याचं घर मात्र त्यांना आठवलं नाही. किमान दहा वर्षांची शिक्षा आणि चार-चार खात्यांचे परवाने यांमुळे इस्पितळांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फीनचा औषधी वापर जवळजवळ ९७ टक्क्यांनी घटला. आणि मॉर्फीन निघतं अफूपासून, जी आपलाच देश पिकवतो!

माझ्या थोरल्या जाऊबाईंना १९९८ साली कर्करोग झाला. शेवटचे तीन महिने घरीच होत्या. रात्री उशीत तोंड खुपसून त्या नवकार म्हणायच्या, मुलांना आवाज जाऊ नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, एक गोळी आहे, पण ती मी ठेवत नाही, परवान्याचं लचांड नको. एवढंच. त्यांना नशा करायची नव्हती, झोपायचं होतं. केरळात डॉ. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि अखेर २०१४ साली संसदेनं कायदा दुरुस्त करून औषधी वापरासाठी परवाने सोपे केले. मधली एकोणतीस वर्षं ज्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून काढली त्या बहुतेक बायकाच होत्या. त्यांच्यापैकी एकीला जरी दिल्लीला साक्षीला बोलावलं असतं, तरी पुरलं असतं.

बायकांना विचारणारा नियम आपल्याकडे झालाच नाही असं नाही. महाराष्ट्रात गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी बाटली आडवी केली, तर तिथलं दारूचं दुकान बंद होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं. अक्षरओळख नसली तरी चालतं. तो नियम बायकांनी मोर्चे काढून, उन्हात बसून मिळवला. आणि मोहाच्या फुलाचं? महाराष्ट्रानं ते फूल गोळा करण्यावरची, बाळगण्यावरची आणि नेण्यावरची बंधनं २०२१ साली उठवली. १८९२ पासून मोजा.

आमच्याकडे घरकामाला येणारी वारली बाई याच पट्ट्यातली आहे, तिचं माहेर महाराष्ट्रात तलासरीकडे आणि सासर इथे. मला ती बेन म्हणते. हा लेख लिहिताना मी तिला विचारलं, तुझ्या हातात दिलं तर दारूचं काय करशील? ती भांडी घासता घासता थांबली. म्हणाली, कारखान्याच्या वाटेवरचं दुकान पगाराच्या दिवशी बंद ठेवीन, निदान चार दिवस. आणि मोहाची दारू? ती देवाची आहे, ती राहू दे, पण ती पण नवऱ्याच्या हातात नको, माझ्याकडे राहू दे. मग तिनं मलाच विचारलं, हे सांगायला कुठं जायचं असतं?